घरावर संकट आणि वरिष्ठ ऐकत नाहीत: रजा मागण्यापासून पुन्हा रुजू होण्यापर्यंत

घरातील माणूस अतिदक्षता विभागात असते, डॉक्टर ठामपणे काहीच सांगत नाहीत, आणि त्याच वेळी कार्यालयातून विचारणा होते की उद्याचे काम कोण करणार. अशा प्रसंगात सापडलेल्या, आणि वरिष्ठांकडून आधार मिळण्याची फारशी आशा नसलेल्या नोकरदारांसाठी हा लेख आहे. माझ्या घरी दीर्घ आजारपण आले, त्या काळात माझ्या वरिष्ठांनी एकदाही रुग्णाची प्रकृती विचारली नाही, आणि तरीही मला लागणारी बहुतेक रजा मिळाली. त्याचे कारण असे की त्यांच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा सोडून मी केवळ निर्णय मागायला सुरुवात केली. सहानुभूती मागून मिळत नाही. निर्णय मात्र मागता येतो, लेखी मागता येतो, आणि तो नकारार्थी असेल तर समोरच्याला काहीतरी कारण द्यावे लागते. पुढील सर्व पायऱ्या याच भूमिकेतून लिहिल्या आहेत.

१. आधी कळवा, रजा नंतर मागा

पहिल्या काही तासांत रजेच्या प्रकाराचा, शिल्लक दिवसांचा किंवा मंजुरीचा विचार करत बसू नका. तेव्हा एकच गोष्ट करायची असते, ती म्हणजे तुम्ही आज येऊ शकत नाही हे स्वतःच्या नावाने, लेखी स्वरूपात कळवणे. चार वाक्ये पुरतात: ‘माझ्या आईला आज पहाटे रुग्णालयात दाखल करावे लागले आहे. मी आज कामावर येऊ शकत नाही. आज पूर्ण व्हायची दोन कामे अमुक ठिकाणी ठेवली आहेत. पुढील परिस्थिती दुपारी चारपर्यंत कळवेन.’ शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी ठरते, कारण पुढच्या संपर्काची वेळ तुम्हीच दिलेली असली की मधल्या काळात येणारे फोन बरेच कमी होतात. ती वेळ मात्र पाळावी लागते, सांगण्यासारखे नवीन काही नसले तरीही.

हे साधे कळवणे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते. ब्रिटनमधील १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातील कलम ५७ अ प्रमाणे अवलंबून असलेल्या व्यक्तीवर अचानक संकट आल्यास कर्मचाऱ्याला वाजवी काळ कामापासून दूर राहण्याचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो. परंतु गैरहजेरीचे कारण शक्य तितक्या लवकर सांगणे ही त्याची अट आहे. इतर देशांच्या कायद्यांतही याच धर्तीची अट आढळते.

येथे दोन गोष्टी टाळा. केवळ फोनवर सांगून थांबू नका. फोन झाल्यावर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तेच मेसेजने किंवा ईमेलने पाठवा. आणि सहकाऱ्यामार्फत निरोप धाडू नका, कारण तो सहकारी विसरला किंवा निरोप अर्धवट पोचला तर नोंदीत तुम्ही न सांगता गैरहजर राहिलेले असता.

२. विरोध कशातून येतो ते ओळखा

निर्विकार दिसणारे सगळेच वरिष्ठ निर्दय नसतात. काहींना वरून येणाऱ्या दबावाची भीती असते आणि तुमच्या रजेत त्यांना फक्त रखडलेले काम दिसते. त्यांना सहानुभूतीच्या आवाहनापेक्षा कामाच्या सोपवणुकीचा तक्ता लवकर पटतो. काहींना पूर्वी कोणीतरी खोटी कारणे सांगून फसवलेले असते. त्यांना न मागता कागद दाखवावेत. काहींना पायंडा पडण्याची धास्ती असते, आणि ‘तुम्हाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल’ हे त्यांचे ठरलेले वाक्य असते. त्यांच्यासमोर नियमाचा क्रमांक ठेवावा, नियम नसेल तर अर्जात ‘विशेष बाब म्हणून’ हे शब्द घालावेत. यांपैकी कशानेच फरक पडत नाही असे दिसले, तर मात्र तुमची गाठ खरोखरच दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःची सत्ता पाहणाऱ्या माणसाशी पडली आहे असे समजा, आणि त्या व्यक्तीशी होणारा प्रत्येक व्यवहार लेखी करा.

३. आपल्याला काय लागू आहे ते वाचून ठेवा

हे काम रुग्णालयातील बाकावर बसूनही होते. तीन गोष्टी पाहायच्या: नियुक्तीपत्रातील अटी, आस्थापनेचे रजेचे नियम, आणि तुम्ही जेथे काम करता तेथील कायदा. अनेकांना पहिल्या दोन गोष्टीही माहीत नसतात, कारण रुजू होताना सही केलेले कागद नंतर कोणी उघडून पाहत नाही.

कायद्यांत देशोदेशी मोठा फरक आहे, आणि परदेशात राहणाऱ्या मित्राने सांगितलेला हक्क तुम्हालाही असेलच असे नाही. अमेरिकेतील १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने १२ महिन्यांत १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी, पण नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा मिळते. त्यासाठी त्याच मालकाकडे किमान १२ महिने नोकरी, मागील १२ महिन्यांत किमान १,२५० तास काम, आणि खासगी आस्थापनेत कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत किमान ५० कर्मचारी, अशा अटी आहेत. पती-पत्नी, मुले आणि आईवडील त्यात येतात. सासू-सासरे येत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार कुटुंबीयांची देखभाल करणाऱ्या कामगाराला वर्षाला कामाचे ५ दिवस मिळायला हवेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून देखभालीसाठी वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा मिळते. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ कर्मचाऱ्याला स्वतःचे आजारपण आणि कुटुंबीयांची देखभाल या दोन्हींसाठी मिळून वर्षाला १० दिवस पगारी रजा असते. जपानमध्ये प्रत्येक आजारी कुटुंबीयामागे ९३ दिवसांपर्यंत देखभालीची रजा असून ती तीन भागांत घेता येते.

भारतात खासगी नोकरीसाठी आजारी कुटुंबीयांच्या देखभालीची अशी वेगळी कायदेशीर रजा नाही, त्यामुळे गरज किरकोळ आणि अर्जित रजेतूनच भागवावी लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पात्र कामगाराला वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, आणि वर्षात २४० दिवस काम केले असल्यास कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा असून ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदावर असाल तर हा कायदा तुम्हाला लागू नसण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा आस्थापनेचे नियम व नियुक्तीपत्र हाच आधार उरतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पालक असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा असते, आणि मुलाचे आजारपण हे त्यासाठीचे मान्य कारण आहे.

या टप्प्यावर एक सापळा फार जणांना ओढतो. कुटुंबीयांसाठी रजा मिळत नाही म्हणून स्वतः आजारी असल्याचे प्रमाणपत्र आणून वैद्यकीय रजा टाकण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देते. तो मानू नका. रुग्णालयाच्या आवारात तुम्हाला कोणी पाहिले, किंवा प्रमाणपत्राची पडताळणी झाली, तर खरी अडचण मागे पडते आणि खोटा दस्तऐवज सादर केल्याची चौकशी पुढे येते. ज्या वरिष्ठांकडे आतापर्यंत तुमच्याविरुद्ध काहीच नव्हते, त्यांच्या हाती तुम्हीच कारण दिलेले असते.

४. कागदपत्रे जमवा

एका फोल्डरमध्ये पुढील कागद ठेवावेत. फोनवर त्यांची छायाचित्रेही असू द्यावीत.

– नियुक्तीपत्र आणि रजेच्या नियमांची पुस्तिका किंवा परिपत्रक
– शिल्लक रजेची आजच्या तारखेची नोंद किंवा तिचा स्क्रीनशॉट
– रुग्णालयात दाखल केल्याचा, तारीख असलेला कागद. पुढे डिस्चार्ज कार्ड
– डॉक्टरांचे प्रमाणपत्र
– रुग्णाशी असलेले नाते दाखवणारा कोणताही अधिकृत कागद
– मागील मूल्यांकनाची पत्रे
– रजेविषयी झालेला सर्व लेखी व्यवहार, तारखांच्या क्रमाने

यांतील डॉक्टरांच्या प्रमाणपत्राविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अर्ज बहुतेक वेळा तेथेच अडतो. रुग्णालयातून सहज मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे दाखल आहे, एवढेच लिहिलेले असते. त्यावर वरिष्ठ अगदी सरळ विचारू शकतात की रुग्ण दाखल आहे, परिचारिका आहेत, मग तुमची गरज काय? म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विनंती करून दोन वाक्ये जास्तीची लिहून घ्यावीत: रुग्णासोबत कुटुंबातील व्यक्तीने राहणे आवश्यक आहे, आणि ही गरज अंदाजे कोणत्या तारखेपर्यंत राहील. संध्याकाळच्या फेरीच्या वेळी डॉक्टर घाईत असतात. त्यामुळे मजकूर कागदावर लिहून नेला, तर विभागातील निवासी डॉक्टर तो तपासून लेटरहेडवर उतरवून देतात. शिक्का, सही, नोंदणी क्रमांक आणि तारीख तेथेच पाहून घ्या, कारण त्यासाठी पुन्हा जावे लागले की आणखी एक दिवस जातो.

आजाराचे नाव सांगायलाच हवे असे नाही. मानसिक आजार, व्यसनमुक्तीचे उपचार किंवा घरच्यांनी गुप्त ठेवलेले निदान असेल तर प्रमाणपत्रात निदानाऐवजी ‘गंभीर आजार’ एवढेच लिहिण्याची विनंती करता येते. संकट नेहमी आजारपणाचेच असते असेही नाही: घरातील हिंसाचार, मुलाच्या ताब्याचा दावा, बेपत्ता झालेली व्यक्ती, आगीत गेलेले घर. तेव्हा न्यायालयाच्या तारखेची नोटीस, पोलिसांकडील तक्रारीची प्रत किंवा पंचनामा हाच पुरावा असतो, आणि त्यातील खासगी मजकूर झाकून प्रत देण्यास हरकत नसते.

लेखी व्यवहार जपताना एक सावधगिरी बाळगा. कार्यालयाचे ईमेल सरसकट स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवत सुटू नका. त्यांत ग्राहकांची किंवा व्यवसायाची माहिती गेली तर तो गोपनीयतेचा भंग ठरू शकतो. फक्त स्वतःच्या रजेसंबंधीचा मजकूर ठेवा.

५. अर्ज असा लिहा

अर्जातून तीन गोष्टी पहिल्याच वाचनात कळायला हव्यात: तुम्हाला नेमके काय हवे आहे, ते कोणत्या आधारावर हवे आहे, आणि उत्तर कधीपर्यंत हवे आहे. ‘काही दिवस रजा मिळावी’ असे लिहिलेला अर्ज नाकारणे सर्वांत सोपे, कारण त्यात होकार देण्यासारखे ठोस काही नसते. परिस्थिती अनिश्चित असली तरी तारीख घाला आणि मध्ये एक फेरविचाराचा दिवस ठेवा. पुढील नमुना आपल्या परिस्थितीनुसार बदलून घ्यावा.

‘विषय: कौटुंबिक वैद्यकीय कारणासाठी ३ ते १४ तारखेपर्यंत रजा मिळण्याबाबत.

माननीय महोदया,

माझे वडील २ तारखेपासून रुग्णालयात दाखल असून शस्त्रक्रियेनंतर कुटुंबातील व्यक्तीने त्यांच्यासोबत राहणे आवश्यक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. त्यासाठी मला ३ ते १४ तारखेपर्यंत रजा मिळावी आणि ती माझ्या शिल्लक अर्जित रजेतून धरावी, ही विनंती. संपूर्ण कालावधी मंजूर करणे शक्य नसल्यास ३ ते ८ तारखेपर्यंत पूर्ण रजा आणि त्यानंतर १४ तारखेपर्यंत अर्धा दिवस घरून काम, हा पर्याय मला मान्य आहे. माझ्याकडील कामांची सद्यःस्थिती दाखवणारा तक्ता सोबत आहे. पुढील परिस्थिती मी ७ तारखेला कळवेन. आपला निर्णय उद्या सायंकाळपर्यंत कळल्यास घरची व्यवस्था त्याप्रमाणे लावता येईल.’

या मजकुरात क्षमायाचना नाही, ‘आपण समजून घ्याल अशी आशा आहे’ हे वाक्य नाही, आणि धमकीही नाही. दोन पर्याय मुद्दाम दिले आहेत. एकच मागणी समोर असली की उत्तर हो किंवा नाही असेच येते. दोन असल्या की सहसा त्यांतील एक निवडली जाते, आणि अडेलतट्टू माणसालाही आपण काहीतरी कमी केले याचे समाधान मिळते. म्हणून पहिला पर्याय तुमची खरी गरज असावी आणि दुसरा तुम्हाला निभावता येईल असा असावा. जे मुळीच जमणार नाही ते पर्याय म्हणून लिहू नका, कारण नेमके तेच मंजूर होते.

दिलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलला जोडून दुसरे दोन ओळींचे पत्र पाठवा: उत्तर न मिळाल्यामुळे आणि परिस्थिती तातडीची असल्यामुळे मी अर्जात लिहिल्याप्रमाणे ३ तारखेपासून रजेवर जात आहे, काही अडचण असल्यास आजच कळवावे. मौन म्हणजे मंजुरी असा कायदा नाही, हे लक्षात ठेवा. मात्र तुम्ही लपून गेला नाहीत आणि विचारूनही उत्तर मिळाले नाही, एवढे या पत्रामुळे नोंदीत राहते.

६. समोरासमोर बोलताना

अर्ज पाठवल्यावर बोलणे, हा क्रम शक्यतो पाळा. आधी बोलायला गेलात तर संभाषण भावनेवर सुरू होते आणि तारखा बाजूला राहतात. सगळ्यांसमोर किंवा बैठकीच्या शेवटी हा विषय काढू नका. दहा मिनिटे स्वतंत्र मागून घ्या, पहिल्याच वाक्यात मागणी सांगा, आणि मग थांबा. थांबणे अवघड जाते. शांतता असह्य होऊन आपण बोलत राहतो, आणि बोलता बोलता ‘तसे चार दिवसही चालतील’ असे आपल्याच तोंडून निघून जाते.

काही वाक्ये जवळपास प्रत्येकाला ऐकावी लागतात, त्यांची उत्तरे आधीच तयार असलेली बरी.

‘तुमच्या घरी दुसरे कोणी नाही का?’ हा प्रश्न मलाही विचारला गेला होता. अशा वेळी भाऊ परगावी आहे, बहिणीला लहान मूल आहे, असा घरचा पट मांडण्याचा मोह होतो, तो आवरावा. एकदा ही यादी दिली की वरिष्ठ तुमच्या घरातील जबाबदाऱ्या वाटू लागतात, आणि बहिणीचे मूल किती लहान आहे यावर चर्चा सुरू होते. ‘घरात आम्ही जबाबदाऱ्या वाटून घेतल्या आहेत आणि हे दिवस माझ्याकडे आहेत’, एवढेच सांगून तारखांवर परत यावे.

‘माझे वडील आजारी होते तेव्हा मी एकही सुट्टी घेतली नव्हती.’ येथे वाद घालू नका, तुलनाही करू नका. ‘आपल्यासाठी तो काळ कठीण गेला असेल. मला मात्र ही रजा लागणार आहे. मंजुरीसाठी आणखी कोणती माहिती हवी आहे?’

‘बघू, सांगतो.’ यावर ‘कधीपर्यंत कळेल?’ हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

‘याचा तुमच्या मूल्यांकनावर परिणाम होईल.’ आवाज न चढवता विचारा, ‘म्हणजे नेमका कोणत्या नियमानुसार?’ उत्तर काहीही येवो, ते जसेच्या तसे लक्षात ठेवा.

बोलताना डोळ्यांत पाणी आले तर त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. दोन मिनिटे मागून बाहेर जावे आणि परत येऊन जेथे थांबलो तेथूनच बोलावे. त्याच दिवशी, काय ठरले आणि काय ठरायचे राहिले, याचे चार ओळींचे ईमेल पाठवणे विसरू नका. ‘आज दुपारी झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात असलेल्या ईमेलला आक्षेप आला नाही, तर पुढे ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ असे म्हणणे अवघड जाते.

७. काम सोपवून जा

पाच रकान्यांचा तक्ता पुरतो: काम, आजची स्थिती, पुढची पायरी, तारीख, कोण पाहणार. शेवटच्या रकान्यात नाव घालण्यापूर्वी त्या सहकाऱ्याला स्वतः विचारा. पासवर्ड कोणाला देऊ नका. आवश्यक परवानग्या संबंधित विभागाकडून घेऊन द्या.

८. नकार आला तर

पहिली गोष्ट, नकाराचे कारण लेखी मागा, आणि तेही भांडणाचा सूर न लावता: ‘अर्जात योग्य तो बदल करता यावा म्हणून रजा नामंजूर होण्याचे कारण कळवावे.’ कित्येक तोंडी नकार येथेच विरतात, कारण ‘आईच्या शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारत आहे’ असे स्वतःच्या सहीनिशी लिहायला कोणालाही नको असते.

दुसरी गोष्ट, मागणीचे स्वरूप बदलून पाहा. सलग रजेऐवजी एक दिवसाआड, सकाळची पाळी बदलून दुपारची, रोज दोन तास उशिरा येण्याची सवलत, किंवा पगारी रजेऐवजी बिनपगारी. यांतील बिनपगारी रजा शेवटी ठेवा, कारण ती एकदा मान्य केली की शिल्लक पगारी रजेचा विषय पुन्हा निघत नाही.

त्यानंतर मनुष्यबळ विभाग. तो विभाग आस्थापनेसाठी काम करतो, तुमच्यासाठी नाही, हे गृहीत धरूनच तेथे जावे. म्हणूनच वरिष्ठांच्या स्वभावाविषयी तक्रार करण्यात वेळ घालवू नका. ‘नियमपुस्तिकेतील अमुक कलमाप्रमाणे माझा अर्ज पात्र आहे, अमुक तारखेला तो विनाकारण नाकारला गेला, पुढे काय करावे याचे मार्गदर्शन करावे’, असे लिहिले की प्रश्न नियमपालनाचा होतो आणि त्यावर उत्तर देणे त्यांना भाग पडते. वरिष्ठांच्या वरिष्ठांकडे जायचे असेल तर आधी आपल्या वरिष्ठांना तसे कळवून जा. पाठीमागून गेल्याचा राग आजारपण संपल्यावरही टिकतो, आणि परतून त्याच विभागात काम करायचे असते. कामगार संघटना असेल तर तिच्या प्रतिनिधीला सोबत घ्या. कायद्याने मिळणारा हक्कच नाकारला जात असेल तर कामगार कार्यालय किंवा वकील हा पुढचा टप्पा आहे.

आणि तरीही मंजुरी न येता जाण्याची वेळ आलीच, तर? हा निर्णय तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो, आणि काही प्रसंगांत जाणे हेच योग्य असते, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त गैरहजेरी अबोल राहू देऊ नका. ठरावीक दिवसांनी परिस्थिती कळवत राहा, आणि कार्यालयाकडून आलेल्या प्रत्येक पत्राला, विशेषतः कारणे दाखवा नोटिशीला, मुदतीत उत्तर द्या. नोटीस न स्वीकारणे किंवा न उघडणे ही या काळातील सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव प्रकरणात १९९३ मध्ये असा निर्णय दिला की, आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्याने नोकरी आपोआप संपते असे स्थायी आदेशात, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या नियमांत, लिहिलेले असले, तरी कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता आणि चौकशी न करता त्याला कमी करता येत नाही. २०१२ च्या कृष्णकांत परमार प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले की विनापरवानगी गैरहजेरी दरवेळी हेतुपुरस्सर असतेच असे नाही. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा आवाक्याबाहेरच्या कारणांनीही ती घडू शकते, आणि गैरवर्तनाचा आरोप ठेवताना हेतू सिद्ध व्हावा लागतो. हे निर्णय तुम्हाला गैरहजर राहण्याचा परवाना देत नाहीत. मात्र तुम्ही वेळोवेळी पाठवलेली पत्रे अशा चौकशीत किती उपयोगी पडतात, हे त्यांवरून दिसते.

या काळात वरिष्ठांविषयी कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर किंवा समाजमाध्यमांवर काहीही लिहू नका, मित्रमंडळींच्या बंद गटातही नाही. त्याचा स्क्रीनशॉट वरिष्ठांपर्यंत पोचतो.

९. रजेवर असताना

दिवसातील एक ठरावीक वेळ, समजा संध्याकाळचा अर्धा तास, कार्यालयाच्या प्रश्नांसाठी ठेवा आणि तसे आधीच कळवा. एरवी आलेल्या फोनला उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक आहे असे समजू नका. पगारी रजेत तुमच्याकडून रोज चार-चार तास काम करून घेतले जात असेल, तर त्या तासांची नोंद ठेवा आणि ते दिवस कामाचे धरावेत अशी मागणी लेखी करा. मुदतवाढ लागणार असे दिसताच, म्हणजे रजा संपण्यापूर्वी, नव्या प्रमाणपत्रासह अर्ज द्या. संपलेल्या रजेवर मागितलेली वाढ ही अनेक नियमावल्यांत सरळ अनधिकृत गैरहजेरी ठरते.

१०. राजीनामा देण्यापूर्वी

‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ अशी अवस्था झाली की राजीनामा फेकून मोकळे व्हावेसे वाटते. तो द्यायचाच असेल तर द्यावा, पण आधी एक गोष्ट तपासा: रुग्णाच्या उपचारांचा विमा तुमच्या नोकरीशी जोडलेला आहे का? कार्यालयाने काढलेल्या सामूहिक आरोग्य विम्याचे संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते, आणि आईवडील त्यात समाविष्ट असले तर त्यांचेही संपते. उपचार सुरू असताना नवी पॉलिसी घेतली तरी आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लागू होतो. म्हणून विम्याची मुदत, वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय, नोटीस कालावधी, साठलेल्या रजेचे पैसे आणि कर्जाचे हप्ते, हे सगळे एका कागदावर मांडून मगच ठरवा. वरिष्ठांनी तोंडी ‘मग राजीनामा द्या’ म्हटले तर त्यांना तसे लिहून द्यायला सांगा, आणि त्या दिवशी कशावरही सही करू नका.

११. परत रुजू झाल्यावर

रुजू झाल्याचे त्याच दिवशी लेखी कळवा आणि डिस्चार्ज कार्डची प्रत अर्जाला जोडा. त्या महिन्याचे पगारपत्रक आणि रजेची नोंद बारकाईने पाहा. मंजूर झालेली अर्जित रजा बिनपगारी म्हणून लागण्याची चूक सर्रास होते, आणि पगार निघाल्यावर लगेच सांगितली तर ती सहज दुरुस्त होते, वर्षअखेरीस मात्र कोणाला काही आठवत नसते. वार्षिक उद्दिष्टे ठरलेली असतील तर रजेच्या काळाच्या प्रमाणात ती कमी करून मिळावीत, अशी विनंती मूल्यांकनाची वाट न पाहता आत्ताच करा. ज्या सहकाऱ्यांनी तुमचे काम ओढले त्यांची नावे वरिष्ठांना पाठवायच्या ईमेलमध्ये लिहा, आणि त्यांच्या रजेच्या दिवसांत त्यांचे काम स्वतःहून मागून घ्या. जमवलेले कागद किमान पुढचे मूल्यांकन पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा. आजार उलटण्याची शक्यता असेल तर तसेच प्रमाणपत्र, डॉक्टरांनी नव्या तारखेचे दिलेले, पुन्हा लागणार असते, आणि त्यासाठी डॉक्टरांकडून पुढील तपासण्यांचे संभाव्य वेळापत्रक आत्ताच लिहून घेतले तर पुढचा अर्ज वरिष्ठांकडे पंधरा दिवस आधी देता येतो.